न आलेली हाक

दुकानातून बाहेर पडताना मी अजूनही पायरीवर थांबून एकदा मागे वळून बघते. काही विसरलेलं नसतं, कोणी बोलावलेलं नसतं. सून चेष्टा करते, "आई, तुम्ही दुकानदाराला बाय करता का?" मी म्हणते, हो, करते. बदलापुरातल्या नव्या दुकानांत तर वस्तूवर किंमत चिकटवलेली असते, काउंटरवरची मुलगी मान वर करून बघतही नाही, बिल काढते आणि पुढच्याकडे वळते. तरी मी वळून बघतेच. या वयात कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला झोप लागत नाही; माझं हे असं आहे. त्याचं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. आता लिहून टाकते, म्हणजे निदान सुनेच्या चेष्टेला खरं उत्तर कुठेतरी असेल.

अंबरनाथ पश्चिमेला आमची कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर होती. माझे वडील, अण्णा, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांच्या नखांत कायम रंग असायचा, एक आठवडा निळा तर पुढचा आठवडा गुलाबी. जेवायला वाढताना आई त्यांच्या बोटांकडे बघून सध्या कसली ऑर्डर चालू आहे ते सांगायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण दिवस चालायचा भोंग्यांवर. सातच्या भोंग्याला दूध तापायचं, तीनच्या भोंग्याला आईचा चहा व्हायचा. संध्याकाळी वारा फिरला की कुठल्यातरी कारखान्याचा आंबूस, घशाला झोंबणारा वास घरात शिरायचा, मग आई खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबायची. तिला दमा होता. रात्री उशांना टेकून बसूनच झोपायची. अण्णांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, त्यानंतर क्वार्टर सोडायची होती, आणि आईला दुसरं काही नको होतं. कारखान्यांपासून लांब, स्वतःचं एक घर. त्या घराबद्दल तिचं सगळं ठरलेलं होतं. पूर्वेला दार, दाराशी बसण्यापुरता ओटा आणि मागे शेवग्याचं झाड. ती पोळ्या लाटताना त्या घरात राहून यायची.

अण्णा भाव करत नसत. कशाचाही, कुणाशीही. "समोरचा माणूस एक आकडा सांगतो, आपण दुसरा सांगायचा, म्हणजे तू खोटा आहेस असंच म्हटलं की नाही?" असं त्यांचं म्हणणं. परवडलं तर घ्यायचं, नाही तर नमस्कार करून निघायचं. मावसभावाच्या लग्नासाठी पँटचं कापड घ्यायला ते मला घेऊन उल्हासनगरला गेले. कॅम्प दोनमधलं हासानंद सेठचं दुकान. सेठ दारातच हात जोडून उभे. "अचो, अचो साईं. वेहो." या, बसा. कापड उलगडलं, अण्णांना आवडलं, सेठनी भाव सांगितला आणि अण्णांनी पाकीट काढलं. सेठचा चेहरा पडला. त्यांनी अण्णांच्या नोटांवर हात ठेवला.

"साहब, नाराज हो क्या?"

"नाही हो. तुम्ही भाव सांगितलात, मी देतोय."

"वो तो मैंने बोला. आपने कहाँ कुछ बोला?"

अण्णा नोटा तशाच पुढे धरून राहिले. शेवटी सेठनी स्वतःच स्वतःशी भाव करून दहा रुपये कमी केले, अण्णा तरी काही बोलेनात म्हणून आणखी पाच कमी केले. अण्णांना वाटलं, म्हणजे हा माणूस पहिल्यांदा फसवतच होता. सेठना वाटलं, या साहेबाला आपल्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत. दोघंही एकमेकांवर खट्टू होऊन सुटले. मी घरी येईपर्यंत हसत होते. अण्णा हसले नाहीत.

पुढे त्याच दुकानात मी कामाला लागले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेज सकाळचं, आणि सेठना साड्यांच्या काउंटरवर मराठी बोलणारी मुलगी हवी होती. शेजारच्या काकूंनी जमवून दिलं. फीचा प्रश्न सुटत होता म्हणून अण्णा काही बोलले नाहीत. तिथे मी जे शिकले त्यासारखं मजेचं शिक्षण मला पुन्हा मिळालं नाही. सेठचं कुटुंब दुकानाच्या मागेच राहायचं. दुपारी आतून कढीचा, तळलेल्या पकवानाचा वास यायचा, सेठच्या बायकोला सगळे अम्मी म्हणायचे, ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याबरोबर भाजलेला पापड द्यायची. आणि बाहेर दिवसभर भाव चालायचा. पहिला आकडा म्हणजे नुसतं 'या, बसा'. तो खरा धरायचा नसतो, हे सांगणाऱ्याला माहीत आणि ऐकणाऱ्यालाही. गिऱ्हाइकाने निम्मं सांगायचं, सेठनी कपाळावर हात मारायचा, मग मुलांची चौकशी, मग पुन्हा आकडा. शहाणी गिऱ्हाइकं चहा घेत नसत, कारण एकदा चहा प्यायला की उठून जाता येत नाही. आणि उठणं हा तर सगळ्याचा गाभा. बाई उठायची, पदर सावरायची, पायरी उतरायची, की सेठ मागून हाक मारायचे, "ओ बहनजी! सुनो तो!" त्या हाकेत खरा भाव असायचा. बाई वळायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं ते मी फार जवळून पाहिलंय. सेठ मला म्हणायचे, "बेटी, ये बाजार के लोग सिंध से आए तब हाथ में कुछ नहीं था. सिर्फ आवाज था. आवाज देके देके दुकान बनाया." त्यात त्यांचे वडील होते, हे मला अम्मीकडून कळलं.

घरी मी असह्य झाले होते. दूधवाला, भंगारवाला, रिक्षावाला, कोणालाही सोडत नव्हते. रिक्षेतून एक पाय खाली टाकून "जाऊ दे मग" म्हणायचं, की तो हमखास "बसा हो ताई" म्हणायचा. त्या "बसा हो"ची नशा असते. अण्णा मान फिरवायचे. आईने फक्त एक बजावलं होतं, "चांगुणामावशीशी नाही हं."

चांगुणामावशी जवळच्या जांभूळ गावची. आगरी बाई, नऊवारी आवळून नेसलेली, डोक्यावर टोपली. दर दिवसाआड आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून माठ, भेंडी, वाल विकायची, कधी पानात गुंडाळलेली सुकट. तिचा भाव एकच असायचा, पण पैसे हातात पडल्यावर ती न मागता वर एक मूठ टाकायची. आधी कधीच नाही, पैसे घेतल्यावर. आईशी तिचं गूळपीठ. दोघी तास तास बोलत बसायच्या. आई तिला चहा द्यायची. तिचा कप वेगळा होता, खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं होतं, आणि तेव्हा आमच्या घरात कोणालाच ते खटकत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा बाळ्या गाडीखाली गेला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल ती बोलत नसे.

एका सकाळी टोपली उतरवताच ती आईला म्हणाली, "बाय, तुमी घर शोधताव ना? माज्या घरामागं दोन गुंठं हाय. माज्या नावावर हाय. पुतन्या बोलतो चाल बांधनाऱ्याला दे. मना चालवाला नको, दारात धा बिऱ्हाडं. तू ये ऱ्हायला. आवसेच्या आत सांगा, नायतर पुतन्या मना सोडनार नाय."

आई त्या दिवशी उशीला टेकून न बसता दुपारभर घरात हिंडत होती. जांभूळला तेव्हा झाडं होती, मोकळी हवा होती, कारखान्यांचा वारा तिथवर पोचत नव्हता. अण्णांच्या कारखान्यात त्या आठवड्यात प्लांट बंद करून दुरुस्ती चालू होती, त्यांना निघता येईना, आणि आईला धुळीचा रस्ता झेपणार नव्हता. म्हणून मला पाठवायचं ठरलं. अण्णांनी विसाराचे पैसे पाकिटात घालून दिले, म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. म्हणाले, "ती सांगेल तो आकडा कबूल कर. पैसे हातात दे, पाया पड आणि ये. दुसरं काही बोलू नकोस."

मी हो म्हटलं. वाटेत बसमध्ये मात्र माझं डोकं चालू झालं होतं. वाचवलेल्या पैशात आईचा ओटा होईल, मागची खोली होईल. हे खरंच होतं, मी आईसाठीच करत होते. पण आज इतक्या वर्षांनी खोटं कशाला लिहू, मला अण्णांना दाखवूनही द्यायचं होतं. घरात एका तरी माणसाला जगात कसं वागायचं ते कळतं, असं.

तिचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. तिने माझ्यासाठी घोंगडी घातली, पाण्याचा तांब्या ठेवला. मागे नेऊन जागा दाखवली. वालाचे वेल, एक आंबा, पलीकडे भाताचं खाचर. "इथं तुज्या आयशीचा दार," ती म्हणाली. आईने तिला घरातलं सगळं सांगून ठेवलेलं होतं, अगदी शेवग्यासकट. मग आम्ही ओटीवर येऊन बसलो. आत चुलीवर चहा उकळत होता. तिने तो पितळी पेल्यात आणून माझ्यासमोर ठेवला आणि आकडा सांगितला.

"वीस हजार. तुज्या बापसासाठी बोलते. चालवाला जास्ती देतो."

मी हसले. दुकानात हसायचे तसं. पेला हाताने जरा बाजूला सरकवला आणि म्हटलं, "मावशी, बारा."

तिने कपाळावर हात मारला नाही, देवाची शपथ घेतली नाही, मुलांची चौकशी केली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पेल्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाईक गप्प झालं की आम्ही ओळखायचो, आता जमतंय. मला वाटलं, जमतंय. मी म्हटलं, "मग नाही परवडत आम्हाला. निघते मी." उठले, चप्पल घातली, ओढणी सावरली, पायरी उतरले. अंगण ओलांडलं. कुंपणाच्या काठ्यांपर्यंत आले. मागे कोंबड्या खुडबुडत होत्या, चुलीतलं लाकूड तडतडल्याचा आवाज आला. माझी पाठ हाकेची वाट बघत होती. वळायचं नाही, वळला तो हरला, एवढंच डोक्यात होतं. कुंपण ओलांडलं, गल्ली ओलांडली, रस्त्यावर आले. तिथे उभी राहून मी बसची वाट बघतेय असं स्वतःला दाखवत होते. एक बस मी सोडलीसुद्धा. हाक आली नाही.

ती शांतता मला अजून ऐकू येते. लोकांना आवाज आठवतात, मला तो न आलेला आवाज आठवतो, आणि तो कसा असता ते मी हजार वेळा मनात ऐकलंय. "पोरी, थांब गो." एवढंच. स्वयंपाक करताना, बँकेच्या रांगेत, कधी देवळात प्रदक्षिणा घालतानाही पाठीमागून येतो, आणि वळलं की कोणी नसतं.

घरी मी बिनधास्त सांगितलं की ती स्वतःहून येईल, परवा टोपली घेऊन आली की बघा. संध्याकाळी आई पुन्हा उशांना टेकून बसली. परवा चांगुणामावशी आली नाही. तिच्या पुढच्या खेपेलाही नाही. पाचव्या दिवशी अण्णा अर्धी रजा टाकून जांभूळला गेले. परत आले तेव्हा मोरीत बराच वेळ पाय धूत होते. मग आत येऊन आईला म्हणाले, "पुतण्याने चाळवाल्याकडून विसार घेतलाय." आईने फक्त "बरं" म्हटलं. जेवणं झाली. मी ताटं उचलत होते तेव्हा अण्णांनी विचारलं, "शैला, त्यांनी तुला चहा दिला होता?"

"हो."

"घेतला नाहीस?"

"अण्णा, चहा घेतला की भाव करता येत नाही. तसं असतं ते."

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. "असं का," ते म्हणाले. त्यांनी मला त्यावरून पुन्हा कधी एक शब्द विचारला नाही. ओरडले असते तर मी भांडले असते, रडले असते, संपलं असतं.

दुकानात मी हासानंद सेठना सांगितलं. त्यांना विश्वासच बसेना. "आवाज नहीं दिया? बिलकुल नहीं?" मग त्यांनी विचारलं, "तो तू वापस क्यों नहीं गई? बोलना था, रुमाल भूल गई, छत्री भूल गई. कुछ भी बोलके जाना था. गिऱ्हाईक रोज ऐसेच वापस आता है, तू देखती नहीं?" खरं होतं. कितीतरी बायका मी तशा परत येताना बघितल्या होत्या. सेठ त्यांना विसरलेल्या नसलेल्या छत्रीबद्दल कधी विचारत नसत, नुसती घडी पुन्हा उलगडायचे. मी म्हटलं, "मग मी हरले असते ना." सेठ मापाचा गज हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडून मला काहीतरी कठोर ऐकायचं होतं. पण गिऱ्हाईक आलं आणि ते "अचो, अचो" करत उठले. पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली.

क्वार्टर सुटल्यावर आम्ही बदलापुरात भाड्याने राहिलो. अकरा महिन्यांचा करार, की पुन्हा सामान बांधायचं. पहिल्या घराखाली पिठाची गिरणी होती. दुसरं घर रस्त्याला लागून, धूळ थेट आत. जागांचे भाव तोवर असे वर गेले की अण्णांचे साठवलेले पैसे बघता बघता थिटे पडले. आईने जांभूळचं नाव काढलं नाही. एकदाच, दुसऱ्या घरात, वाफारा घेता घेता ती म्हणाली, "शेवग्याला या वर्षी शेंगा धरल्या असत्या." माझ्याकडे बघून नव्हे, पातेल्यातल्या पाण्याकडे बघून. त्याच हिवाळ्यात ती गेली. डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर होतीच. होतीच. पण मोकळ्या हवेत तिने आणखी किती वर्षं काढली असती, हा हिशेब मला कोणी सोडवून दिलेला नाही, आणि मी तो करायचं थांबवूही शकलेले नाही.

आईच्या तेराव्याला चांगुणामावशी आली. कोणी कळवलं कोण जाणे, भाजीवाल्या बायकांत बातमी फिरत असेल. जिना चढून दारात उभी राहिली, म्हातारी झालेली, अर्धी. मी तिला घरात घेतलं, सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, आईच्या ताटात वाढलं. ती जेवली. मग आतल्या खोलीत आम्ही दोघीच बसलो. तिने माझा हात हातात घेतला आणि तिचं तीच बोलायला लागली.

"बाल्या सकालचा कामाला निघाला, भाकरीचा फडका इसरला. मी मागून हाक मारली. परत आला, घेतला, मग उशीर झाला म्हनून धावत लाईन वलांडली." तिने माझा हात घट्ट धरला. "तवापासून मी कुनाला मागून हाक मारीत नाय गो. कुनाला नाय."

मला एकदम दिसायला लागलं. आई पायरीवर सुटे पैसे विसरून आत गेली की चांगुणामावशी हाक मारत नसे. टोपली तशीच सोडून उठायची, आत येऊन आईच्या पुढ्यात उभी राहायची आणि मग पैसे द्यायची. वर्षानुवर्षं मी ते बघितलं होतं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे तर आमच्याही घरात होतं, आजी डोळे वटारायची. दुकानात राहून मी ते पार विसरले होते.

मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारल्याशिवाय मला पुढे जगता आलं नसतं. "मावशी, मी वळले असते तर?"

"तर काय? बारा तर बारा. बाराला पन दिली असती. तुज्या आयशीला शेजारी आनायची होती मना, पैशाला कोन बसला होता?" तिने पदराने तोंड पुसलं. "तू चहा सारलास, मना वाटला, आमचा चालत नाय तुला. तरी दारात उभी ऱ्हायले. तोंडावर पदर दाबून. तू हलूहलू चाललीस गो, अगदी रस्त्यापत्तूर हलूहलू. मना वाटला, पोरीचा पाय निघत नाय. आता वलंल."

मी मान खाली घातली. तिला मी सांगितलं नाही की हळू मी मुद्दामच चालत होते. तिला हाक मारायला वेळ मिळावा म्हणून.